पाने मोजण्याआधी : मुंबईची जुनी दप्तरे डिजिटल करणाऱ्यांना खुले पत्र

मुंबईच्या एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी, म्युनिसिपल आणि बंदरविषयक दप्तरांचे डिजिटायझेशन ज्यांनी हाती घेतले आहे किंवा जे घेणार आहेत, त्या सर्व अधिकाऱ्यांना, अभिलेखपालांना, कंत्राटदारांना आणि प्रत्यक्ष कॅमेऱ्यामागे उभे राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

आपण हाती घेतलेले काम मोलाचे आहे आणि ते आणखी लांबू नये असे आम्हाला मनापासून वाटते. जुन्या शाईत लोहाचा अंश असतो. ती कागद आतून जाळत जाते आणि काही तावांवर अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचे भोक तेवढे उरते. तेव्हा कॅमेरा लवकर आलाच पाहिजे. पण तो येण्याआधी काही गोष्टी ठरवून घ्यायला हव्यात. त्या राहून गेल्या तर लाखो पाने पडद्यावर दिसू लागतील आणि त्यांच्या आधाराने मुंबईचा चुकीचा इतिहास लिहिला जाईल.

मूळ अडचण मोजमापाची आहे. असे काम बहुधा पानांवर मोजले जाते : रोज किती पाने, दर पानाला किती पैसे. पण त्या काळच्या कचेरीचे एकक पान नव्हतेच. तिथे एकक होते प्रकरण. एका प्रकरणात चार हातांचे, दोन लिप्यांचे, पाच तारखांचे कागद असत आणि त्यांचा अर्थ त्यांच्या क्रमात होता. हा क्रम आणि त्यामागचा कारभार जपला जावा, एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

आधी कोणता कागद कोणत्या दप्तरात शोधायचा ते पाहू. मांडवीतल्या एका तुंबलेल्या गटाराची तक्रार घ्या. ती १८५० ची असेल, तर काम कॉन्झर्व्हन्सी बोर्डाचे, म्हणजे शहरसफाईच्या मंडळाचे, कारण ते मंडळ १८४५ च्या कायद्याने आले. १८६० ची असेल, तर १८५८ च्या कायद्याने नेमलेल्या तीन म्युनिसिपल कमिशनरांचे. १८६७ ची असेल, तर एकाच कमिशनरचे, म्हणजे आर्थर क्रॉफर्ड यांचे, कारण १८६५ च्या कायद्याने सगळा कारभार एका हाती दिला आणि त्यावर जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे सरकारने नेमलेल्या मानद दंडाधिकाऱ्यांची देखरेख ठेवली. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची कॉर्पोरेशन आली, त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडलेले. पुढे १८८८ चा कायदा आला. तेच गटार भरावाच्या जमिनीवरून समुद्राकडे जात असेल, तर आणखी एक फाटा फुटतो. एल्फिन्स्टन कंपनीने भर घालून तयार केलेली जमीन सरकारने १८७० मध्ये विकत घेतली, १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि ती जमीन त्याच्याकडे गेली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. तो १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला, त्यामुळे त्याच्या कागदांचा वारसा आणखी वेगळा. गल्ली तीच, गटार तेच, पण पन्नास वर्षांत कागद पाच-सहा ठिकाणी विखुरले.

म्हणून प्रत्येक मालिकेच्या सुरुवातीला एक पान तरी असे जोडा, की ही मालिका कोणत्या संस्थेची, कोणत्या कायद्याने सुरू झाली, कधी बंद पडली आणि तिचे कागद पुढे कुणाकडे गेले. वाचकाने ‘गटार’ शब्द टाकून शोध घेतला आणि १८५८ च्या आधीचे काहीच आले नाही, तर त्याआधी गटारे नव्हती असे त्याला वाटू नये.

आता एका अर्जाचा प्रवास. यावर थोडे थांबायला हवे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. अर्जदार मराठी असेल तर अर्ज बहुतेक मोडीत, बोरूने लिहिलेला. गुजराती व्यापारी असेल तर गुजरातीत. कचेरीत तो आला की इंग्रजी भाषांतर करून जोडले जाई. मग कागद उभा दुमडला जाई आणि बाहेर आलेल्या अरुंद पट्टीवर आवक क्रमांक, मिळाल्याची तारीख, कुणाकडून आला आणि विषय काय, हे चार ओळींत लिहिले जाई. ही पट्टी म्हणजे त्या कागदाची ओळख. पण छायाचित्रासाठी कागद सपाट केला की ती मागच्या बाजूला जाते, कधी उलटी किंवा आडवी दिसते, आणि ‘मागची बाजू कोरी’ असे समजून सोडून दिली जाते. मागची बाजू खरोखर कोरी असली तरी तिचे छायाचित्र घ्या. कोरी आहे ही देखील माहितीच आहे.

पुढे मूळ अर्जच अहवालासाठी खाली पाठवला जाई. म्युनिसिपल कमिशनर तो आपल्या इंजिनिअरकडे किंवा हेल्थ ऑफिसरकडे धाडत. प्रत्येक जण आधीच्या शेऱ्याखाली आपला शेरा, तारीख आणि आद्याक्षरे टाकी. कागद याच वाटेने परत वर येई. सचिवालयात निर्णयाचा मसुदा तयार होई. ताव उभा अर्धा दुमडून एका अर्ध्या भागात मसुदा लिहायचा आणि दुसरा अर्धा वरिष्ठांच्या दुरुस्तीसाठी मोकळा ठेवायचा, अशी रीत होती. दुरुस्ती मंजूर झाली की कारकून स्वच्छ प्रत काढी, तिच्यावर सही होई आणि ती बाहेर जाई. मसुदा मात्र दप्तरात राही.

याचा परिणाम असा, की सरकारी दप्तरात सापडणारे महत्त्वाचे कागद बहुधा बिनसहीचे आणि खाडाखोडीचे असतात. सही असलेली प्रत ज्याला पाठवली त्याच्या घरी किंवा कचेरीत गेली. सूची करणाऱ्याने अशा कागदापुढे ‘अपूर्ण, बिनसहीचा’ असे लिहिले आणि त्याला खालचा दर्जा दिला, तर निर्णय कसा झाला हे दाखवणारा एकमेव पुरावा मागे पडतो. खोडलेल्या ओळीही वाचता आल्या पाहिजेत. कुणी काय सुचवले आणि कुणी ते कापले, हे फक्त तिथेच कळते.

त्यासाठी छायाचित्र रंगीत हवे. काळ्या-पांढऱ्या प्रतीत लाल शाई, निळी पेन्सिल आणि साधी पेन्सिल एकसारखी दिसतात, आणि पेन्सिलीचा फिकट शेरा तर अजिबात उमटत नाही. वेगवेगळे रंग म्हणजे बहुतेकदा वेगवेगळे अधिकारी. निदान ४०० डीपीआय, मूळ प्रत न दाबलेल्या टिफ स्वरूपात, आणि प्रत्येक खंडाच्या पहिल्या छायाचित्रात रंगपट्टी व मोजपट्टी. स्टँपच्या कागदावर शाईविना उठवलेला शिक्का असेल, तर समोरून पडणाऱ्या प्रकाशात तो दिसत नाही. दिवा एका बाजूला खाली धरून त्या भागाचे दुसरे छायाचित्र घ्यावे. शिफॉन लावून दुरुस्त केलेल्या पानांवर जाळी उमटते. अशी पाने वेगळी नोंदवा, म्हणजे यंत्राने केलेल्या वाचनावर तिथे कुणी विसंबणार नाही.

कागद ज्या क्रमाने शिवले किंवा टाचले आहेत, त्याच क्रमाने छायाचित्रे घ्या. गंजलेली टाचणी काढावीच लागते, पण ती काढण्याआधी सगळा गठ्ठा आहे तसा एकदा टिपून ठेवा. तारखेप्रमाणे पाने ‘नीट’ लावण्याचा मोह कृपया आवरा. एकाच प्रकरणात लिहिल्याची, मिळाल्याची, शेऱ्याची, ठरावाची आणि रवानगीची अशा पाच तारखा असतात. खंडावर छापलेले वर्ष यांपैकी एकाचे असते, अर्जावरचे वर्ष दुसरेच असू शकते. सूचीत तारखेचा रकाना एकच ठेवला तर कारकून समोर दिसेल ती तारीख भरणार. निदान दोन रकाने द्या, पहिली तारीख आणि शेवटची तारीख. बाकीच्या टीपेत येतील.

तारखांवरून वर्षांकडे. सरकारी हिशेबाचे वर्ष आधी १ मे ते ३० एप्रिल असे होते. १८६७ पासून ते १ एप्रिल ते ३१ मार्च झाले. या बदलात १८६६-६७ चे वर्ष अकराच महिन्यांचे आहे. आकडे तक्त्यात ओतून आलेख काढला तर त्या वर्षी उत्पन्न घसरल्याचे दिसते, आणि कापसाच्या भावातल्या मंदीचे ताजे कारण हाताशी असल्यामुळे कुणालाही ते पटते. मंदी खरीच होती, पण त्या घसरणीतला एक हिस्सा केवळ एका गळालेल्या महिन्याचा आहे. वर्षाच्या रकान्याशेजारी ‘किती महिने’ असा एक छोटा रकाना असला की हे टळते.

देशी तारखांचे गणित याहून नाजूक आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण शक बदलतो चैत्रात. पौष शके १८१८ म्हणजे ढोबळमानाने जानेवारी १८९७. नुसते ७८ मिळवले तर तो कागद जानेवारी १८९६ चा ठरतो, म्हणजे प्लेग ओळखला जाण्याच्या आधीचा, आणि प्रकरणाचा सगळा अर्थ उलटतो. संवत्सराचे नाव लिहिलेले असेल तर ते जरूर नोंदवा. शके १८१८ चे नाव दुर्मुख. आकडा पुसट असला तरी नावावरून वर्ष पक्के करता येते. गुजराती व्यापाऱ्यांचा विक्रम संवत कार्तिकात बदलतो. मारवाडी पेढ्यांच्या चोपड्यांत वद्य पक्षाच्या महिन्याचे नाव आपल्यापेक्षा एक महिना पुढचे असते. पारशी तारखेत शहेनशाही आणि कदमी या दोन पंचांगांत तीस दिवसांचा फरक. म्हणून मूळ तारीख जशी आहे तशी आधी लिहा आणि इसवी तारीख दुसऱ्या रकान्यात काढा. मूळ पुसून त्याजागी रूपांतर ठेवू नका.

घड्याळाचेही तसेच. मुंबईची स्थानिक वेळ आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. रेल्वे आणि तारायंत्र मद्रास वेळेवर चालत आणि ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये मद्रास वेळ शहरावर लादण्याचा प्रयत्न झाला, तो लोकांच्या विरोधामुळे टिकला नाही. बोट धक्क्याला लागल्याची वेळ आणि तिच्या बातमीची तार सुटल्याची वेळ यांत अर्ध्या तासाचा घोळ दिसला, तर ती कारकुनाची चूक समजून दुरुस्त करू नका.

आता पैसे आणि मापे. या भागाकडे आपण सर्वांत जास्त लक्ष द्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

शतकाच्या पहिल्या तृतीयांशात मुंबईचे हिशेब रुपये, क्वार्टर आणि रेईस असे लिहिले जात. एका रुपयाचे ४ क्वार्टर, एका क्वार्टरचे १०० रेईस, म्हणजे रुपयाचे ४०० रेईस. १८३५ नंतर कंपनीचा एकच रुपया सगळीकडे चालू झाला आणि रुपये-आणे-पै ही लेखनपद्धत रुळली : १६ आणे, १९२ पै. दोन्ही पद्धतींत तीन आकडे, मध्ये रेघ. ‘१२-३-०८’ हा आकडा घ्या. आणे-पै धरले तर तो १२.२३ रुपये होतो. क्वार्टर-रेईस धरले तर १२.७७. एका नोंदीत अर्ध्या रुपयाहून जास्त फरक, आणि वेतनपटात अशा शेकडो नोंदी. ओळखायची खूण सोपी आहे : शेवटच्या रकान्यात ११ पेक्षा मोठा आकडा एकदाही आला तर ते पै नव्हेत, आणि मधल्या रकान्यात ३ पेक्षा मोठा आकडा आला तर ते क्वार्टर नव्हेत. पण ही खूण एका ओळीवरून कळत नाही. सगळे पान, कधी कधी सगळी वही पाहावी लागते.

मराठी हिशेबांत आणखी एक गुंता आहे. ‘८॥=’ असे लिहिलेले दिसले तर ते आठ रुपये दहा आणे. दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा, म्हणजे आठ आणे, आणि दोन आडव्या रेघा म्हणजे आणखी दोन आणे. यंत्र या उभ्या रेघांना विरामचिन्ह समजते किंवा एकचा आकडा समजते, आडव्यांना बरोबरीचे चिन्ह. ‘८॥’ चे ‘८११’ झाले की साडेआठ रुपयांचे आठशे अकरा होतात. ज्या पानांवर अशी चिन्हे आहेत ती यंत्राच्या वाचनातून बाहेर काढा आणि माणसाकडून उतरवून घ्या. चिन्हे तशीच टंकित करा, शेजारी अंकांत अर्थ द्या.

वजनांचे म्हणाल तर ‘मण’ हा एकच शब्द पाहून थांबू नका. मुंबईचा बाजारी मण २८ पौंडांचा, त्याचे ४० शेर. असे २० मण म्हणजे एक खंडी, ५६० पौंड. पण कापसाची खंडी ७८४ पौंडांची, आणि ३९२ पौंडांच्या दोन गासड्यांची एक खंडी भरे. रेल्वेच्या कागदांत मात्र बंगाली मण, ८२ पौंड आणि दोन सप्तमांश. म्हणजे शंभर मण माल रेल्वेच्या पावतीवर सुमारे ८,२२८ पौंड आणि बाजाराच्या हिशेबात २,८०० पौंड. दोन्ही कागद एकाच प्रकरणात एकमेकांना टाचलेले असू शकतात. धान्य तर वजनावर नव्हे, मापावर : १६ पायली म्हणजे एक फरा, ८ फरे म्हणजे एक खंडी. मिठाच्या मापात १०० फऱ्यांना एक ‘आणा’ म्हणत आणि १६ आण्यांची एक रास. मिठागराच्या हिशेबात ‘आणे’ दिसले म्हणून ते पैशाच्या रकान्यात टाकले, तर हजारो फरे मीठ चिल्लर होऊन जाते. एककाचा रकाना वेगळा ठेवा. मूळ शब्द जसाच्या तसा लिहा. आणि कोणत्या जिनसाचे माप आहे हे सोबत नोंदवा, कारण जिन्नस कळल्याशिवाय माप कळत नाही.

नकाशांबाबत एकच सांगणे. मुंबईच्या जुन्या गटार आणि रस्त्यांच्या नकाशांवर जमिनीची पातळी टाउन हॉल डेटम, म्हणजे उंची मोजण्यासाठी ठरवलेली आधाररेषा, धरून लिहिलेली असते आणि त्याची शून्यरेषा समुद्रसपाटीच्या सुमारे ८० फूट खाली आहे. नकाशावरचे ८५ म्हणजे समुद्रापासून पाचेक फूट उंची. हे न कळता आकडे आजच्या नकाशात भरले, तर भरतीचे पाणी चढणारी सखल वस्ती टेकडीवर जाऊन बसेल.

जागेची नावे शोधात सापडत नाहीत, ही वाचकांची नेहमीची अडचण. इंग्रजी लेखनात मांडवी, गिरगाव, भायखळा, उमरखाडी यांची स्पेलिंगे दशकादशकाला बदलली. साष्टीला सालसेट, वसईला बॅसीन. त्यातही बॅसीन नावाचे एक बंदर ब्रह्मदेशात होते आणि तांदळाच्या जहाजांच्या कागदांत ते वारंवार येते, तेव्हा प्रत्येक बॅसीन म्हणजे वसई असे धरू नका. प्रत्येक ठिकाणाचे एक प्रमाण नाव ठरवून त्याखाली सगळी रूपे जोडली, तर शोध नीट चालेल. ‘बंदर’ हा शब्द मुंबईत एकेका धक्क्यालाही लागतो : मशीद बंदर, कर्नाक बंदर, चिंच बंदर. त्याचे सरसकट ‘पोर्ट’ असे रूपांतर करू नका.

जमिनीच्या कागदांत तर शब्दच फसवे आहेत. ‘फोरास’ हा पोर्तुगीज ‘फोरो’ वरून आलेला भाडेपट्ट्याचा प्रकार. त्याच्यासाठी १८५१ चा स्वतंत्र कायदा आहे. ‘पेन्शन ॲण्ड टॅक्स’ असे शीर्षक दिसले की ते प्रकरण निवृत्तिवेतनाच्या गठ्ठ्यात जाण्याची भीती असते. पण इथल्या पेन्शनचा निवृत्तीशी संबंध नाही. सतराव्या शतकातले गव्हर्नर ऑन्जिए यांच्या काळात मुंबईच्या जमीनधारकांनी दरसाल २०,००० शेराफिन (पोर्तुगीज नाणी) द्यायचे कबूल केले, त्या करारातून आलेले हे जमिनीवरचे देणे आहे. भूमापनाचे क्रमांकही एकाच प्लॉटला दोन-तीन असतात. कर्नल लॉटन यांची पाहणी १८६५ ते १८७२ या काळातली. त्याआधीचे क्रमांक वेगळे, नंतरचे वेगळे. ‘सर्व्हे नंबर’ असा एकच रकाना न ठेवता कोणत्या पाहणीचा क्रमांक हेही लिहा. आजही वारसाहक्काच्या आणि हद्दीच्या वादांत लोक हे कागद शोधत येतात.

आता माणसांच्या मोजणीकडे येऊ. मुंबईची लोकसंख्या १८६४ मध्ये ८,१६,५६२ मोजली गेली, १८७२ मध्ये ६,४४,४०५. मग १८८१ ला ७,७३,१९६, १८९१ ला ८,२१,७६४ आणि १९०१ ला ७,७६,००६. पहिला आकडा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आलेल्या कापसाच्या तेजीतला आहे, शेवटचा प्लेगच्या काळातला. दोन्ही वेळा शहरात नेहमीपेक्षा वेगळी माणसे होती : एकदा पोटासाठी आलेली गर्दी, एकदा जीव वाचवायला गेलेली घरे. शिवाय विभागांच्या हद्दी दर मोजणीत तशाच राहिल्या असे नाही. म्हणून प्रत्येक जनगणनेच्या तक्त्यासोबत त्या वर्षीच्या विभागांचा नकाशा आणि मोजणीची तारीख जोडलेली असावी. तक्ते कापून एकाखाली एक लावणे सोपे आहे, पण मग ‘भायखळा’ म्हणजे त्या-त्या वर्षी नेमका किती भाग, हे वाचकाला कळत नाही.

मृत्युनोंदींच्या वह्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला तो सप्टेंबर १८९६ मध्ये. त्यानंतरच्या महिन्यांच्या नोंदींत मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ‘ताप’, ‘रेमिटंट फीवर’, फुप्फुसाचे विकार असे शब्द दाटीने दिसतात. सगळेच काही प्लेगचे नव्हते, पण पुष्कळ होते. प्लेग म्हटले की झडती, घराबाहेर काढणे, रुग्णाला छावणीत किंवा इस्पितळात हलवणे, हे लोकांना माहीत होते. म्हणून घरचे कारण दुसरे सांगत. मरणाचा खरा आवाका काढायला त्या काळीच एक पद्धत वापरली गेली : आठवड्याचे एकूण मृत्यू घ्यायचे आणि आधीच्या वर्षांतल्या त्याच आठवड्याच्या सरासरीशी ताडायचे. जे जास्त भरतील त्यांत साथ शोधायची.

ही पद्धत आजही वापरता येते, पण एकाच अटीवर, की साथीच्या आधीच्या वर्षांचे साधे, कंटाळवाणे साप्ताहिक तक्ते एकही आठवडा न गळता उपलब्ध असावेत. निधी मर्यादित असला की आधी ‘प्लेगचे कागद’ डिजिटल करू असा निर्णय होतो. तो समजण्यासारखा आहे. पण १८९६ च्या आधीची दहा वर्षे सोडून दिली तर तुलनेला काहीच उरत नाही आणि प्लेगचे कागद मुके होतात. दोन्ही एकत्र घ्या, नाहीतर आधी जुने तक्ते घ्या.

कारणांच्या रकान्यातले शब्द आजच्या वैद्यकीय नावांत बदलू नका. ‘ताप’ हा शब्द तसाच ठेवा. जातींची आणि धंद्यांची त्या काळची नावे, काही आज अपमानास्पद वाटणारी, मूळ उताऱ्यात तशीच राहावीत, नाहीतर हलालखोर करासारखे (मैला उचलण्यासाठीचा कर) शीर्षकच शोधात सापडणार नाही. पण आपण आज लिहिणार त्या सूचीत आणि वर्णनात आजची सभ्य भाषा वापरा. मेलेल्या माणसाचे नाव, वय, गल्ली आणि घर क्रमांक असलेले पान म्हणजे कुणाच्या तरी पणजीची शेवटची नोंद आहे. ती नीट वाचता येईल अशी टिपली जावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

मोडीबद्दल वेगळे लिहायला हवे. मोडी कागद ‘स्थानिक भाषेतले’ म्हणून मूळ प्रकरणातून काढून वेगळ्या रुमालात, म्हणजे दप्तर बांधायच्या कापडात, बांधू नका. भाषांतरात बरेच गळते. अर्जदाराने गल्लीची खूण, शेजाऱ्याचे नाव, गटार कुठल्या विहिरीजवळ तुंबते हे सगळे लिहिलेले असते आणि इंग्रजी भाषांतरात ‘रहिवासी गैरसोयीची तक्रार करतात’ एवढे उरते. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, विरामचिन्हे नाहीत. त्यामुळे नावे वाचताना दोन पर्याय संभवतात. वाचणाऱ्याला खात्री नसेल तर दोन्ही पर्याय लिहायची मुभा द्या. सक्तीने एकच वाचन मागितले तर तो अंदाज करतो आणि तो अंदाज पुढे पुरावा म्हणून छापला जातो. मोडी वाचणाऱ्यांचा मोबदला पानावर न ठेवता तासावर ठेवा. एक पान दहा मिनिटांत होते, दुसऱ्याला अर्धा दिवस जातो.

कागद हाताळण्याबद्दल आपल्या कर्मचाऱ्यांना बहुतेक सगळे ठाऊक असेलच. फक्त पावसाळ्याचे एक : वातानुकूलित खोलीतला थंड रुमाल जुलैच्या दमट हवेत एकदम उघडू नका, कागदावर दव धरते आणि शाई पसरते. बांधलेला गठ्ठा काही तास बाहेरच्या खोलीत ठेवून मग सोडावा.

शेवटची विनंती चाचणीची. सगळे काम सुरू करण्याआधी तीन खंड निवडा : एक १८३० च्या आसपासचा, ज्यात रेईस असतील, एक १८६६-६७ चा आणि एक १८९६-९७ चा. तिन्हींत मिळून निदान काही मोडी अर्ज असावेत. त्यांची छायाचित्रे आणि सूची पूर्ण करा. मग तीन माणसांना बसवा : एक मोडी वाचणारा, एक भूमापनाचा जाणकार आणि एक हिशेब तपासणारा. त्यांना मूळ कागद दाखवू नका, फक्त पडद्यावरची पाने द्या. प्रत्येक खंडातले एक प्रकरण अर्जापासून निर्णयापर्यंत जोडून दाखवायला सांगा आणि शेजारी बसून ते कुठे अडतात ते टिपून घ्या. कोणती बाजू टिपायची राहिली, कोणता रकाना कमी पडला, कुठे क्रम मोडला, हे पंधरा दिवसांत कळेल आणि त्याप्रमाणे निविदेतल्या अटी बदलता येतील. लाखभर पाने झाल्यावर हेच कळले तर ते रुमाल पुन्हा सोडावे लागतील, आणि त्यांतले बरेच कागद दुसऱ्यांदा उलगडण्याच्या अवस्थेत नसतील.

या चाचणीसाठी वाचक म्हणून बसायला आम्ही तयार आहोत, मोबदल्याविना.

आपले,
मुंबईची जुनी दप्तरे वाचणारी काही मंडळी